बिनमुरडीचे कानवले

विकतचा पिझ्झा आमच्या घरात एकदाच आला आणि भांडण लावून गेला. दादाने तो शहापुरातून आणला होता. भाची मोटारसायकलवर मागे बसली होती आणि तिने खोका मांडीवर उभा धरला, त्यामुळे सापगावच्या पुढे आमच्या गावापर्यंत येईस्तोवर सगळं चीज एका बाजूला जमा झालं. ज्यांच्या वाट्याला ती बाजू आली त्यांची चंगळ, बाकीच्यांना नुसती भाकरी. भाचीने बापाशी अबोला धरला. वहिनीने "मी काय मागितला नव्हता" म्हणत आपला तुकडा संपवला. आईने एक घास चघळला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. सगळ्यांनी सोडलेल्या कडा मी खाल्ल्या. त्या मला आवडल्या, पण मी तसं बोलले नाही. बोलले असते तर जन्मभर मला कडाच मिळाल्या असत्या.

मी म्हणजे या घरातली आत्या. दादाची धाकटी बहीण. लग्न होऊन मी मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात गेले होते. मूल झालं नाही. एका दिवाळीला दादा मुराळी म्हणून मला न्यायला आला, मी दोन-चार साड्या पिशवीत टाकून माहेरी आले. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी तिकडून मला परत न्यायला कोणी आलं नाही. उन्हाळ्यात कळलं की त्यांनी दुसरी आणली. मारहाण नाही, भांडण नाही, घराबाहेर काढणं नाही. नुसतं न्यायला आले नाहीत. तेव्हा मी तिशीच्या आत होते, आता चाळिशी उलटली.

माहेरी मला कुणी वाईट वागवलं असं म्हणाले तर माझी जीभ झडेल. उलट सगळे चांगलेच वागले, आणि खरी अडचण तीच होती. वाईट वागवणाऱ्याच्या तोंडावर दार आपटून जाता येतं. "आत्याशिवाय आमच्या घरातलं पान हलत नाय," असं दादा पाहुण्यांसमोर सांगायचा, पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत जायचे. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि खालून शिडी काढून घ्यायची, असा तो प्रकार होता.

त्यात आई न्हाणीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण तिच्या मनातली भीती काही जुळली नाही. डॉक्टरांनी दिलेला वॉकर माळ्यावर गेला आणि माझा दंड तिच्या हातात आला. मोरीत न्यायची मी, अंघोळ घालायची मी, औषध द्यायची मी. दादा भिवंडीच्या एका गोदामात कामाला, सकाळी जाऊन दिवेलागणीला येणारा. वहिनी अंगणवाडीत सेविका, भाची शहापूरच्या कॉलेजात. सगळे आपापल्या वाटेने बाहेर पडले की घरात आम्ही दोघी उरायचो. आईची खाट अशा जागी टाकलेली होती की तिला स्वयंपाकघर आरपार दिसायचं. तिथून तिचं उंटावरून शेळ्या हाकणं चालायचं. गॅस बारीक कर, झाकण ठेव, मीठ घातलंस का. दुकानात साखर आणायला निघाले तरी कुठे, किती वेळ, कोणत्या रस्त्याने हे सांगून निघायचं. मी कधी ओरडले नाही. कुणावर ओरडणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारा कोण ते दिसत नाही.

अशा दिवसांत भाचीने मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. पिझ्झाच, पण प्रत्येकाचा वेगळा. पिठाची गोल पारी, अर्ध्या भागावर सारण आणि चीज, मग दुमडून कडा बंद. कॅलझोन म्हणतात म्हणे त्याला. "आत्या, असे कर ना. कुणाचं चीज कुणाकडे जाणार नाय," ती म्हणाली. मी बघितलं आणि मला हसू आलं. कुठल्या कुठल्या देशांतून फिरून शेवटी आमच्या घरी आली ती करंजीच. आईने खाटेवरून मान उंच करून पाहिलं आणि तिथल्या तिथे बारसं करून टाकलं. कानवला. आमच्याकडे मोठ्या करंजीला कानवलाच म्हणतात. 

पहिल्यांदा मी तो ओव्हनशिवाय केला. मैदा, यीस्ट, चिमूटभर साखर, कोमट पाणी. पीठ मळून पातेल्यात झाकून ठेवलं आणि परत येऊन बघते तर ते झाकणाला टेकलेलं. मला त्या पिठाचा फार आनंद झाला, हे मी सरळ सांगते. घरातली दुसरी कुठलीही गोष्ट मी हात न लावता आपली आपण वाढत नव्हती. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर घातला, वर वाटी उपडी ठेवून तिच्यावर ताटली, आणि झाकण. व्हिडिओतली बाई पारी दुमडून कडेला एकेक चिमटा घेत दोरीसारखा पीळ घालत होती. माझ्या बोटांनी तो लगेच ओळखला. ही तर मुरड. लहानपणी आईच्या शेजारी बसून मी ती शिकले होते, आणि कितीतरी वर्षं घातली नव्हती, कारण आमच्या घरी दिवाळीच्या करंज्या कातणाने कापतात. बोटं विसरली नव्हती. मी अर्ध्यावर आले असेन तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"मुरड नको घालू गो."

मी विचारलं, का. आई म्हणाली, नको म्हटलं ना, काट्याने दाब. जेवायचा काटा आमच्या घरात एकच होता, पाहुण्यांना कलिंगड देताना लागतो म्हणून ठेवलेला. मी घातलेली मुरड उलगडली आणि काट्याने कड दाबून टाकली. झाकण काढलं तेव्हा कानवला एका बाजूने फुटला होता, आणि चीज ताटलीवर वाहून करपलं होतं. सगळ्यांना तरीही आवडला. मला मात्र राग आला. या घरात आता पिठाची कडसुद्धा माझ्या मर्जीने बंद होणार नाही, असं माझ्या मनात आलं, आणि ते मनातून गेलं नाही.

पुढे दादाने कल्याणहून छोटा ओव्हन आणला. त्याचंही एक तंत्र होतं. पाण्याची मोटर चालू असेल तर ओव्हन लावायचा नाही, ओव्हन लावला तर दोन्ही पंखे बंद. एवढं सांभाळून मी दर रविवारी कॅलझोन करायला लागले. प्रत्येकाचं सारण वेगळं. दादाला कांद्यात परतलेला जवळा. वहिनीला पनीर आणि हिरवी मिरची. भाचीला मका आणि चीजच चीज. आईला दातांमुळे उकडलेला बटाटा मऊ करून, थोडा मसाला घालून. बाहेरून सगळे सारखेच दिसायचे, म्हणून वर सुरीने खुणा करायचे. दादाला एक चीर, वहिनीला दोन, भाचीला फुली, आईला काहीच नाही. माझा शेवटी. ज्याचं जे उरलं ते सगळं त्यात जायचं, जवळा आणि मका आणि पनीर, आणि काही उरलं नाही तर नुसती हवा. आत सारण कमी झालेल्या करंजीला आमच्याकडे खुळखुळा म्हणतात. दादा माझा कानवला कानाजवळ नेऊन हलवायचा आणि म्हणायचा, "आत्याचा खुळखुळा." सगळे हसायचे, मीही हसायचे. चेष्टाच होती ती, वाईट काही नव्हतं.

काट्याने दाबलेले कानवले मात्र दर रविवारी फुटत राहिले. सगळे नाही, पण एखाद-दुसरा हमखास. दर वेळी मी ओव्हनची काच पुसायचे, दर वेळी मला वाटायचं मुरड घातली असती तर हे झालं नसतं, आणि दर वेळी खाटेवरून दोन डोळे माझ्या बोटांवर असायचे. मी पुन्हा एकदा विचारून बघितलं होतं. आईने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर मी विचारलं नाही.

आमच्या गावाच्या बाजूला बंगल्यांची एक स्कीम झाली आहे. भाताच्या शेतांत प्लॉट पाडले, कुंपणं आली, शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या. भाचीने कुठेतरी फोटो टाकला आणि तिकडून कॅलझोनला मागणी येऊ लागली. त्यात एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, जरा तुसड्या बोलणाऱ्या. पावसाच्या सुरुवातीला मी त्यांना शेवळांचं सारण घालून पाठवलं. शेवळं म्हणजे आमच्याकडे पहिल्या पावसानंतर रानात उगवणारी भाजी, नीट केली नाही तर घशाला खाजते, म्हणून काकड नावाच्या आंबट रानफळांबरोबर शिजवावी लागते. मी खिमा, शेवळं आणि वर थोडं चीज घातलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या बाई चालत आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, नाशिकला मी छोटंसं खाण्याचं दुकान काढतेय, चार-सहा टेबलांचं, मागे राहायला एक खोली आहे. तुम्ही याल का? भट्टी तुमच्या ताब्यात. सारणं तुम्ही ठरवायची.

सारणं तुम्ही ठरवायची, हे वाक्य मी पुढचे कितीतरी दिवस भांडी घासताना मनाशी म्हणत होते. मला जायचं होतं. इतकं सरळ आणि इतकं जोराने मला आयुष्यात काही हवं झालं नव्हतं, लग्नसुद्धा नाही. नाशिक काही सातासमुद्रापलीकडे नाही. कसाऱ्याला उतरलं, घाट चढला की झालं. पण आमच्या उंबऱ्यापासून कसारा मला फार लांब वाटत होतं.

दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास तसाच हातात ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला इथं काय कमी हाय?" कमी काहीच नव्हतं. मी म्हणाले, मी तेव्हा पुढे शिकले असते, कुठे नोकरीला लागले असते, तर आज ही वेळ नसती आली. तर तो म्हणाला, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. आणि मी खरोखरचीच आत्या असल्यामुळे भाची खुदकन हसली, मग माझं तोंड बघून गप्प झाली. वहिनी माझ्याशी काही बोलली नाही. ती भाचीला मोठ्याने म्हणाली की आता तू कॉलेज सोड आणि आजीला उचलायला शीक. लेकी बोले सुने लागे, तशी आमच्याकडे लेकी बोले नणंदे लागे, एवढाच फरक.

त्या रात्री आईने औषधही न बोलता घेतलं. मी मनात म्हटलं, हिला बोलायची गरजच काय? माझ्या दंडावरचा तिचा नुसता हात पुरेसा होता. तो हात सोडवून मी कशी जाणार होते? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी त्या बाईंना कळवलं की विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, गौरी-गणपतीपर्यंत थांबते, मग दुसरी कुणी बघेन.

आवणी आली आणि गेली. गुडघाभर चिखलात उभी राहून रोपं लावताना मला बरं वाटायचं, कारण तिथे छप्पर नव्हतं. घरी आले की पुन्हा तेच. जेवढे दिवस जात होते तेवढी माझी जीभ आखूड होत होती. दादा आता माझ्याशी फार गोड बोलायला लागला होता. माझ्यासाठी साडी आणली. वहिनीने आपणहून चहा करून दिला. हे सगळे मिळून मला इथेच ठेवणार, आणि मी राहणार, आणि त्याला कुणी जबरदस्तीही म्हणणार नाही, हे मला दिसत होतं.

गणपती बसायच्या आधीच्या रविवारी माझं डोकं फिरलं. कारण काही खास नव्हतं. पीठ मळलं, फुगलं, पाऱ्या लाटल्या, आणि मी ओट्याकडे वळून आईकडे पाठ करून उभी राहिले. पाठीआडून तिला काही दिसत नव्हतं. मी एकेका कानवल्याला मुरड घातली. बारीक, घट्ट, एकसारखी. आपल्याच घरात चोरासारखं उभं राहून मी पिठाला चिमटे घेत होते आणि मला वाटत होतं की निदान एवढं तरी माझं. ओव्हनमधून ते बाहेर आले तेव्हा एकही फुटला नव्हता. सोनेरी रंगाचे, कडेला दोर वळल्यासारखे. इतके देखणे मी कधीच केले नव्हते. मी त्यांचं ताट घेऊन आईच्या खाटेपाशी गेले आणि मुद्दाम तिच्या नाकासमोर धरलं.

आईने ताटाकडे पाहिलं आणि तिचं तोंड कसंतरीच झालं. ती उठून बसली. गरम होते तरी तिने एक कानवला उचलला आणि त्याची कड मोडायला लागली. तुकडा तुकडा करून सगळी मुरड तोडून तिने बाजूला टाकली. मग दुसरा घेतला. तिची बोटं भाजत होती. दादा धावत आला, त्याला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं. मी ताट ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. म्हणाले, उभा जन्म तुझ्या डोळ्यांसमोर गेला, माझ्या हातचं एक तरी काम मला हवं तसं करू दे.

"तुला जायचंय ना?" आई म्हणाली. "मग मुरड कशाला घालतेस?"

मला काही कळलं नाही. ती रडत होती, आणि रडत रडत जे बोलली ते मी अजून विसरलेले नाही.

"त्या दिवाळीआधी तुला शेवटची सासरी धाडली तवा शिदोरीत कानवले दिले व्हते. मुरडीचे. लेक मुरडून माहेरी यावी म्हनून घालतात. मी लय घट्ट घातली गो. तू आलीस ती आलीसच. आता सुटशील कशी?"

ही रीत मला माहीत होती. सासरी निघालेल्या मुलीबरोबर मुरडीचे कानवले द्यायचे, म्हणजे ती पुन्हा मागे वळून येते. गौरीलाही निघताना तेच, पुढच्या वर्षी परत ये म्हणून. दिवाळीला मी आले आणि मला न्यायला कोणी येईना, तेव्हा शेजारची काकू ओट्यावर बसून म्हणाली होती, तुझ्या आईने मुरड जरा जास्तच घट्ट घातली वाटतं. चेष्टेत म्हणाली होती. मीही तेव्हा त्या चेष्टेला हसल्याचं मला आठवतं. आई हसली नव्हती. तिने ते खरं धरलं होतं. त्या वर्षापासून आमच्या घरच्या करंज्यांना मुरड बंद झाली आणि कातण आलं. मला वाटत होतं की म्हातारपणी तिला चिमटे घ्यायचा कंटाळा आला असेल.

मी तिला समजवायला गेले. म्हटलं, अगं, त्याने दुसरी आणली, त्यात तुझ्या पिठाचा काय दोष? माझं मूल झालं नाही, त्याचं मन फिरलं, यात मुरड कुठे आली? आई म्हणाली, ते तू मला सांगू नकोस. तिच्या शेजारी खाटेवर बसून मी ते मोडके कानवले खाल्ले, आणि मला आधी हसू आलं, मग रडू. इतकी वर्षं मी तिला या घरातली पहारेकरीण समजत होते. मला इथून सोडवायला बघणारी ती एकटीच होती, आणि तिच्या हातात काय होतं, तर एक कलिंगडाचा काटा.

दुसऱ्या दिवशी आईने भाचीला माळ्यावरून वॉकर काढायला लावला. त्याच्यावरची धूळ पुसली, आणि तो पुढे धरून ती खाटेपासून दारापर्यंत गेली. परत येताना तिचा चेहरा घामाने भिजला होता. मी पुढे झाले तर तिने मला हाताने लांब केलं. रोज थोडं थोडं असं करत ती मोरीपर्यंत पोहोचली. एकदा मधेच पाय अडखळला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, पण हाक मारली नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. माझे दंड मोकळे होते आणि मला त्यांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

दादाला तिनेच सांगितलं. म्हणाली, तिला जाऊ दे. दादा म्हणाला, मग तुझं बघणार कोण?

"तू," आई म्हणाली.

तो जेवणावरून उठून बाहेर गेला आणि बराच वेळ मोटारसायकल पुसत बसला. वहिनी भांडी आवरताना माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलली. म्हणाली, "मला कोनी असं बोलावलं असतं, तर मी पन गेले असते." मला तिचा राग राहिला नाही. तिने पाड्यावरच्या एका बाईला सकाळच्या कामाला सांगून ठेवलं, आणि आपली अंगणवाडी सुटल्यावर कुठेही न थांबता घरी यायचं कबूल केलं. हे सगळं तिने कपाळावर आठी घालूनच केलं, पण केलं. मी नाशिकच्या बाईंना होकार कळवला.

त्या वर्षी गौरीच्या निरोपाला कानवले करायला बसलो तेव्हा वहिनीने कातण पुढे ओढलं. आई म्हणाली, "गवरीला मुरड घाल. तिला परत यायचंय." वहिनीला येत नव्हती, म्हणून मी घातली. आई बघत होती, पण या वेळी काही बोलली नाही.

गणपती गेल्यावर दोन दिवसांनी मी निघाले. सकाळी मी पीठ मळलं. आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसली. म्हणाली, तुझ्या वाटेचे कानवले मी करते. मी पाऱ्या लाटून दिल्या, तिने सारण भरलं. जवळा माझ्याचसाठी, पनीर माझ्याचसाठी, दाबून दाबून भरलं, खुळखुळा एकही नाही. कडा तिने काट्याने दाबल्या. मी म्हटलं, आई, इतकं सारण घालून नुसतं दाबलंस तर फुटतील. ती म्हणाली, फुटू देत. ओव्हनमध्ये ते फुटले. चीज बाहेर आलं, जवळ्याचा वास घरभर झाला. आम्ही ते तसेच फडक्यात बांधले.

दादा म्हणाला होता की त्याला कामावर लवकर जायचंय. पण बाहेर त्याने मोटारसायकल चालू करून ठेवली होती, मला आसनगाव स्टेशनला सोडायला. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी पिशवी उचलली. आई दारापर्यंत आली होती, दोन्ही हात वॉकरवर. मी तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "येते गं आई."

"येते नाय," आई म्हणाली. "जाते म्हन."

आमच्यात निघताना कुणी जाते म्हणत नाही. बाजारात निघालेली बाईसुद्धा येते म्हणते. जाते हा शब्द उंबऱ्यावर उच्चारायचा नसतो. लहानपणी शाळेला निघताना माझ्या तोंडून एकदा तो गेला होता, तेव्हा याच आईने पाठीत धपाटा घालून मला मागे बोलावलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली आणि येते म्हणायला लावून मग सोडलं. तो शब्द माझ्या तोंडात येईना. मी दोनदा ओठ उघडले. बाहेर मोटारसायकलचा आवाज चालू होता. आईने वॉकर सोडला नाही, आणि माझ्याकडे हात पुढे केला नाही.

"म्हन," ती म्हणाली.

"जाते, आई."

तिने मान हलवली. "हां. आता दार ओढून घे. मांजर आत येतं."

मी बाहेरून दार ओढून घेतलं.